नाकाला नाक कोण उसनं घेतं

कुडचीकर बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या गॅरेजमध्ये उभ्या राहून हवेचे मुके घेत होत्या.

मी ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला शिकायला आले होते आणि खोली शोधत होते. तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी पत्ता टाकला होता. गॅरेजचं शटर अर्धं वर, आत ट्रॅकसूट घातलेली, सत्तरीकडे झुकलेली बाई, कपाळावर बारीक टिकली, हातात पावडरच्या डबीतला असतो तसला छोटा आरसा. आरशात बघत त्या ओठ घट्ट मिटायच्या आणि पच् करून सोडायच्या. मी घसा खाकरला.

"थांब की जरा," त्या आरशातूनच म्हणाल्या. "वयानं ओठ सैल पडतात. रोज घोटलं नाही तर हे व्यंजन हातचं जातं."

"व्यंजन?"

"मग तुला काय वाटलं? क, ख, ग असतात तसंच. फक्त हे आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातलं आहे. बेळगावात कुणी ऐकलं असतं तर माझं लग्नच झालं नसतं." मग वळून मला नीट बघितलं. "तसं ते झालं नाहीच. ये आत."

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला भिंत दाखवली.

गॅरेजची अख्खी मागची भिंत त्यांनी रंगवली होती. जगातल्या भाषांची कुळं, झाडांसारखी. एक अवाढव्य झाड मराठी, हिंदी, फारसी, इंग्रजी सगळ्यांना पोटात घेऊन पसरलेलं. शेजारी कन्नड-तमिळांचं. आफ्रिकेत बांटू भाषांचं, अर्ध्या खंडावर सावली धरणारं. आणि अगदी खाली, गाडीच्या टायरच्या उंचीवर, आफ्रिकेच्या दक्षिण कोपऱ्यात तीन ठेंगणी झाडं वेगवेगळी उभी. त्यातलं एक हिरव्यागार रंगानं पुन्हापुन्हा गिरवलेलं. त्याखाली लिहिलं होतं: तूऽ.

"तूऽ म्हणजे त्यांच्या भाषेत माणसं," बाई म्हणाल्या. "बाकीची दोन, क्खा आणि खोए. शंभर वर्षं गोऱ्या पंडितांनी ही तिन्ही एका पोत्यात कोंबली होती. पोत्यावर नाव, खोइसान. कारण काय, तर सगळे क्लिक करून, जीभ-ओठ टक् टक् वाजवून बोलतात."

मी इचलकरंजीची. यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं ऑफिस म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, आणि माझी बाराखडी पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर झाली. पोतं म्हटल्यावर माझं रक्त उसळलं. लोकांना न विचारता पोत्यात कोंबण्याचा धंदा मला ठाऊक होता. इथे तर रोज अनुभवत होते. क्लासमधली मुलगी विचारायची, तुम्ही घरी इंडियन बोलता का? मी बाईंना म्हटलं, यावर पत्रक काढलं पाहिजे.

त्या हसल्या. त्या दिवसापासून माझं नाव पत्रके पडलं. "काय पत्रके, जेवलीस का?" "पत्रके, कचऱ्याचा बिन बाहेर काढलास का?" खरं नाव त्यांनी क्वचितच घेतलं.

बाईंचं ऐकणं बघण्यासारखं होतं. कुणी बोलायला लागलं की त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर नाही, ओठांवर. पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समधून निवृत्त झालेला मॅसिडोनियन शेजारी एकदा मला हळूच म्हणाला, ही बाई माझ्या प्रेमात आहे का गं? सुपरमार्केटच्या काउंटरवर त्या रांग अडवून ठेवायच्या. काउंटरवरचा पोरगा सामोआचा, तर त्याला आजीकडे नारळाला काय म्हणतात ते विचारायचं. मागची माणसं उसासे टाकायची. पोरगा मात्र खूश. त्याला त्या देशात कुणी कधी आजीचा शब्द विचारला नव्हता.

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, चहाबरोबर बिस्किट यावं तसं यायचं: "सारखं दिसलं की लगेच भाऊ म्हणायचं नाही. आधी शेजार तपासायचा."

हे त्यांनी मला ज्या पद्धतीनं शिकवलं ते मी मेले तरी विसरणार नाही. पोळ्या लाटताना. "दुधाला तमिळमध्ये पाल्, कन्नडमध्ये हालु. वाघाला तमिळमध्ये पुलि, कन्नडमध्ये हुलि. दाताला पल्, आणि आमच्या बेळगावच्या बाजारात हल्लु. काय दिसतं?"

"प चा ह होतो."

"एकदा झाला तर योगायोग. दर वेळी झाला तर नातं. रक्ताचं. आता सांग, मराठीत अण्णा आणि अक्का आहेत, कन्नडमध्येही आहेत. नातं?"

"नातं," मी म्हणाले.

"बोंब. शेजार. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलो, वाटीभर साखरेसारखे शब्द गेले-आले. झुलूंनी शेजाऱ्यांकडून क्लिक घेतले, म्हणून झुलू काय तूऽ झाले? त्यांचं कूळ बांटूचंच. आणि आपल्याच देशात बघ की," आपला देश म्हणजे त्या वेळी ऑस्ट्रेलिया, "उत्तरेला एका बेटावर दीक्षा घेतलेल्या पुरुषांची एक विधीची बोली होती. तीत हे ओठांचं क्लिकसुद्धा होतं. आफ्रिकेबाहेर फक्त तिथं. आता काय म्हणशील, ते कालाहारीतनं पोहत आले?"

पोळी करपली. ती त्यांनीच खाल्ली, बोलता बोलता, नुसती.

गणपतीत मंडळाने त्यांचं भाषण ठेवलं होतं. अध्यक्ष जोगळेकर, आयटीतले, भला माणूस, पण ओळख करून देताना म्हणाले, "आज कुडचीकर मॅडम आपल्याला आदिवासींच्या टकटक भाषांची गंमत सांगणार आहेत." मी मागून उठणारच होते. बाईंनी हात दाखवून मला बसवलं.

"जोगळेकर," त्या माइकवर म्हणाल्या, "कुणाचं वाईट झालं की तुम्ही काय करता?"

"म्हणजे?"

"शेजाऱ्याची नोकरी गेली. तुम्ही कळवळलात. तोंडातून काय आवाज येतो?"

जोगळेकरांनी च्च च्च केलं. "हा एक क्लिक," बाई म्हणाल्या. "आता कुणाच्या घरी बैल होते?" साताऱ्याकडचे एक काका पुढे आले आणि गालात जीभ आपटून त्यांनी असा काही आवाज काढला की हॉलमधली पोरं टाळ्या पिटायला लागली. "हा दुसरा. आता तान्ह्या बाळाला लांबून पापी देतात तो आवाज. सगळ्यांनी."

नवरा-बायको एकमेकांकडे बघेनात. मग एक आजी पहिल्या रांगेत बसल्या बसल्या पच् करून मोकळ्या झाल्या आणि दीडशे मराठी माणसांनी गणपतीसमोर मुक्यांचा पाऊस पाडला.

"हे सगळे आवाज आपल्याकडे आहेत," बाई म्हणाल्या. "फक्त आपण त्यांना शब्दांच्या आत घेतलं नाही. उंबऱ्याबाहेर बसवून ठेवलं. त्यांनी आत घेतलं. आता यात गंमत कुणाची, ते तुम्ही ठरवा."

जोगळेकरांनी प्रसादाचा पहिला द्रोण बाईंना नेऊन दिला.

आता लाल रेघेचं सांगते, कारण बाईंचं सगळं आयुष्य त्या रेघेवर उभं होतं.

भिंतीवर तूऽ आणि क्खा ही दोन झाडं वेगळी होती, पण त्यांच्या मुळांना जोडणारी एक लाल रेघ होती. ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती बाईंची होती. तरुणपणी त्या बोट्स्वानात, कालाहारीच्या एका वस्तीवर राहिल्या होत्या, तूऽ कुळातली भाषा बोलणाऱ्या लोकांत. पुढे अनेकदा परत गेल्या. ओठांचं क्लिक तूऽ भाषांत आहे आणि जवळच बोलल्या जाणाऱ्या एका क्खा भाषेतही आहे. तेवढ्यावर नातं सांगता येत नाही, हे बाईच सगळ्यांना सांगायच्या. पण त्यांना तिथे मूठभर शब्द सापडले होते, दोन्हीकडे सारखे. नाक, गुडघा, कोपर, बेंबी असले. शरीराचे.

भाषावाल्यांचा एक जुना भरवसा असतो. माणूस यंत्राचं नाव उसनं घेतो, फळाचं घेतो, देवाचंसुद्धा घेतो. अंगाच्या अवयवांची नावं सहसा उसनी घेत नाही. ती घरचीच असतात. म्हणजे हे शब्द घरचे. म्हणजे दोन्ही घरं मुळात एक. म्हणजे लाल रेघ.

त्यांचा विरोधक एकच, पीटर. जुना सहकारी, निवृत्त, जवळच किआमाला राहायचा आणि दर गुरुवारी स्कोन, जॅम लावून खायचे छोटे पाव, घेऊन यायचा. दोघं मागच्या अंगणात बसून भांडायची. तो बाईंना नावानंच हाक मारून म्हणायचा, शेजार, शरयू, नुसता शेजार. बाई म्हणायच्या, "पीटर, नाकाला नाक कोण शेजाऱ्याकडून उसनं घेतं? तुझ्याकडे नव्हतं का नाक?" तो म्हणायचा, कारण मला माहीत नाही, पण वास येतोय. "कशानं येतोय? नाक तर उसनं दिलंस की." आणि मग दोघंही जॅम कुणी संपवला यावर यायची.

मला अर्थातच लाल रेघ हवी होती. पोत्यात कोंबणाऱ्यांनी चुकीच्या कारणाने जे एक म्हटलं, ते आमच्या बाजूच्या बाईने खऱ्या कारणाने एक असल्याचं दाखवायचं, याहून मोठं काय? दक्षिण आफ्रिकेत तूऽ कुळातली एक भाषा पार मारून टाकली आणि आता तिच्यातलं वाक्य देशाच्या राजमुद्रेवर कोरलंय. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर संताप आवरला नव्हता. बाईंचं पुस्तक पूर्ण होत आलं होतं. त्याआधी शहरातल्या लायब्ररीच्या हॉलमध्ये त्यांचं जाहीर व्याख्यान ठरलं. पत्रक मी केलं. वर ठळक अक्षरात: एक मूळ, एक लढा.

बाईंनी चष्मा वर करून वाचलं. "लढा ठीक आहे. पण पत्रके, एकी करायला एक मूळ कशाला लागतं गं? तुझ्या बापाच्या युनियनमधले सगळे भाऊ-भाऊ होते का?"

"मग तुमची लाल रेघ कशाला?"

"ती खरी आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "खरी नसती तर मी एक दिवस ठेवली नसती."

हे वाक्य मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

व्याख्यानाच्या आधीच्या लाँग वीकेंडला आम्ही मेलबर्नला गेलो. बाईंची भाची मृणाल ट्रुगानिनाला राहते, नव्या वसाहतीत, जिथे कुंपणापेक्षा झाडं लहान आहेत. मृणाल आयटीत, नवरा किरण म्हैसूरचा, घरात बोलणं इंग्रजीतून, सासूबाई आल्या की कन्नड. त्यांचा ईशान पाच वर्षांचा. मराठीत काही विचारलं तर इंग्रजीतच उत्तर देणार. बाईंनी त्याला जिंकायचे सगळे प्रयत्न केले होते. क्लिक शिकवले, पापीचं व्यंजन शिकवलं. तो म्हणाला, "शरयू आजी, यू आर सो वीअर्ड." बाईंना ही पदवी फार आवडली.

रविवारी दुपारी तो ड्राइव्हवेवर सायकलवरून पडला. रडत आत आला.

"आय हर्ट माय गुडघा," तो म्हणाला.

बाई सोफ्यावर चहा पीत होत्या. कप तोंडाशी थांबला. "काय दुखलं?"

"माय गुडघा. इट्स ब्लीडिंग."

"यू मीन युअर नी?"

"नो," तो वैतागून म्हणाला, "नी इज फॉर द स्कूल साँग, हेड-शोल्डर्स-नीज-अँड-टोज. धिस इज माय गुडघा."

मृणाल त्याला उचलून बाथरूममध्ये घेऊन गेली. बाई मागोमाग. मीही गेले, कारण बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मृणालने त्याला टबात बसवलं आणि तिचं नेहमीचं सुरू झालं. "डोळे मीट. कान दाखव. कोपर बघ किती काळं. बेंबीत काय साठवलंयस?" पोरगं इंग्रजीतून तक्रार करत होतं, "नॉट माय बेंबी, ममा, इट टिकल्स."

बाई दारात उभ्या होत्या. चहाचा कप हातात तसाच.

"मृणाल, किरण याला आंघोळ घालतो का गं?"

"कुठचा मावशी. तो रात्रीचं जेवण बनवतो. आंघोळ माझ्याकडे."

"आणि तुझ्या सासूबाई?"

"त्या आल्या की गोष्टी सांगतात. आंघोळ आईनंच घालायची, असं त्यांचंच म्हणणं."

बाई टॉयलेटच्या झाकणावर बसल्या. हसायला लागल्या. मग डोळ्यांना पाणी आलं, पण हसणं थांबेना. मृणाल घाबरली. "मावशी, बीपीची गोळी घेतलीस का?"

"अगं, चरबी," बाई म्हणाल्या. "त्या वस्तीवर पाणी कमी. पोरांना आंघोळ नाही घालायचे, चरबी चोळायचे. ज्या म्हातारीच्या खोपटाशेजारी मी राहत होते, ती रोज सकाळी नातवंडांना चोळायची. एकेका अवयवाचं नाव घेत. मी शेजारी बसून ते शब्द शिकले. तिच्याकडून. आणि ती त्या वस्तीची नव्हतीच गं. क्खा लोकांतून लग्न होऊन आली होती. तिची जाऊसुद्धा. तिथल्या निम्म्या बायका तशाच."

ईशानने विचारलं, "व्हाय इज आजी ऑन द टॉयलेट?"

"आजीला सापडलं," बाई म्हणाल्या. "तुझ्या गुडघ्यात सापडलं."

मला कळायला वेळ लागला, मग एकदम कळलं. शेजाऱ्याकडून नाक कुणी घेत नाही हे खरंच. पण शेजारीण सून होऊन आली तर? पोराच्या अंगाला हात लावणारी तीच. नाकाला नाक तीच म्हणणार. या घरात एक पिढी पुढे गेली तर इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबात नाक, कान, गुडघा मराठी निघतील, आणि हजार वर्षांनी कुणी शहाणा येऊन म्हणेल, अवयव उसने घेत नाहीत, तेव्हा इंग्रजी आणि मराठी सख्ख्या बहिणी.

"इंग्रजी-मराठी लांबच्या चुलत बहिणी आहेतच," बाई म्हणाल्या, कारण त्या अवस्थेतही चूक त्यांना सहन होत नसे. "पण या कारणाने नव्हे. आणि ते माझे शब्द फक्त सीमेवरच्या वस्त्यांत मिळतात. लांबच्या तूऽ बोलींत वेगळे आहेत. मी म्हणत आले, तिथले हरवले असतील. हरवले नव्हते गं. तिथवर त्या सुना पोचल्याच नव्हत्या."

मग त्यांनी तिथूनच पीटरला फोन लावला. "पीटर, तू बरोबर होतास," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "फुगू नकोस. कारण चुकीचं होतं." मग तो म्हणाला, "माझ्याकडे कारण नव्हतंच, शरयू." बाई म्हणाल्या, "तेच सांगतेय. आता आहे. गुरुवारी स्कोन जास्त आण."

आम्ही परतीच्या विमानात बसलो. माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता, एक मूळ, एक लढा. बाईंचं पुस्तक गेलं, अर्धं आयुष्य गेलं असं मला वाटत होतं. मी त्यांना विचारलं, व्याख्यान पुढे ढकलायचं का?

"का?"

"लोक ऐकायला येणार ते नातं आहे म्हणून."

"मग नाही म्हणून ऐकतील. बायका काय काय ओलांडून नेतात ते ऐकतील. हे त्याहून भारी आहे, तुला कळतंय का?" खिडकीतून बघत त्या पुटपुटल्या, "एवढी वर्षं मी आया मोजल्याच नाहीत. आम्ही सगळ्यांनीच. घर बापाचं धरलं आणि भाषा बापाची धरली."

मी पत्रकं तशीच वाटली. फक्त पेनने, एकेकावर, 'एक मूळ' खोडून. बाईंनी हरकत घेतली नाही. उलट काही त्यांनीच खोडली, चवीनं.

हॉल भरला होता. युनिव्हर्सिटीतले लोक, मंडळाची माणसं, जोगळेकर पहिल्या रांगेत. बाईंनी भिंतीचा फोटो पडद्यावर लावला, लाल रेघ दाखवली, ती का काढली ते सांगितलं, आणि ती का चुकली ते सांगितलं. तूऽचं झाड वेगळं, क्खाचं वेगळं, आणि मध्ये बायकांची ये-जा. शेवटी जोगळेकरांनी हात वर केला.

"मॅडम, राग मानू नका, पण मग एवढी वर्षं वायाच ना?"

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. बाईंनी त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"जोगळेकर, तुमच्या मुलांना आंघोळ कोण घालायचं?"

"मिसेस."

"त्या कुठल्या?"

"नागपूरच्या."

"आणि मुलांच्या बोलण्यात नागपूर आहे का?"

मागून मिसेस जोगळेकर म्हणाल्या, "पुरेपूर." हॉल हसला. "यांनी कधी ऐकलंच नाही," त्या म्हणाल्या.

"मीही नाही ऐकलं," बाई म्हणाल्या. "आता ऐकायला लागले. वाया कसं जाईल?"

दोनच महिन्यांत त्यांनी तिकीट काढलं. बोट्स्वाना. गुडघ्याला पट्टा, पर्समध्ये बीपीच्या गोळ्या, डबीचा आरसा. वस्तीवस्तीत जाऊन एकच विचारायचं होतं: तुम्हाला लहानपणी चरबी कुणी चोळली, आणि ती कुठून आली होती? जिच्यापासून सुरुवात करायची ती म्हातारी आता नाही. नातवंडं आहेत, आता चाळिशीतली. पीटर म्हणाला, या वयात? बाई म्हणाल्या, त्या वयात सुचलं असतं तर त्या वयात गेले असते.

जायच्या सकाळी गॅरेजमध्ये त्यांनी ब्रश घेतला. मला वाटलं रेघ पुसणार. त्यांनी ती ठेवली, आणि तिच्यावर छोटे छोटे पिवळे ठिपके काढले, पायवाटेवरच्या पावलांसारखे, क्खाकडून तूऽकडे. "पुसून काय मिळणार," त्या म्हणाल्या. "रस्ता तर होताच."

मी त्यांना स्टेशनवर सोडलं. सिडनीची ट्रेन उभी होती. बाई खिडकीशी बसल्या. समोर बाबागाडीत एक गोबरं बाळ आणि शेजारच्या सीटवर त्याची आई. बाईंनी आरसा काढलाच नाही. बाळाकडे वाकून त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि सोडले. पुन्हा मिटले, सोडले. बाळ टक लावून त्यांच्या ओठांकडे बघत होतं. ती आई कौतुकाने हसली. तिला वाटलं असणार, म्हातारीला बाळाचा लळा लागला.

दार बंद झालं. बाळाने ओठ मिटून बघितले. ट्रेन हलली तेव्हा बाई त्याच्याकडे बोट दाखवून काचेआडून मला काहीतरी सांगत होत्या. ऐकू काहीच येत नव्हतं. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.